लावायला काय देता?

पाऊस ओसरला, आश्विनाचं ऊन पाठीला चटके देऊ लागलं की माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. सर्दी-तापाचे पेशंट कमी होतात आणि बाही वर सारून, पायजम्याचा पाय दुमडून कातडी दाखवणारे वाढतात. कुणाच्या जांघेत गजकर्ण पसरलेलं, कुणाच्या घोट्यावर इसब, कुणाच्या अंगावर रोज संध्याकाळी पित्त उठतंय. सगळ्यांचं मागणं एकच असतं. ‘बाई, लावायला काहीतरी द्या.’

मी लावायला देते, पण ते शेवटी. आयुर्वेदात त्वचारोगाचा विचार लेपापासून सुरू होत नाही, आणि आज आयुर्वेदाच्या नावाखाली जे काही फिरतंय त्यात नेमकी हीच गोष्ट हरवली आहे. कडुनिंब लावा, हळद लावा, कोरफड लावा. कुणाला, कधी, कशावर, हे कुणीच विचारत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चरकसंहितेत कुष्ठ होताना काय काय बिघडतं ते सांगितलंय: वात, पित्त, कफ हे तीन दोष आणि त्वचा, रक्त, मांस, लसीका (कातडीखालचा पाण्यासारखा द्रव) ही चार ठिकाणं. अशी सात. कातडीवर चट्टा दिसतो तेव्हा या सातांपैकी कोण किती बिघडलंय ते ओळखायचं आणि त्यावर उपचार ठरवायचे. इथलं कुष्ठ म्हणजे फक्त महारोग नव्हे. बहुतेक सगळे त्वचाविकार या एका नावाखाली येतात. तरी केसपेपरवर मी हा शब्द लिहीत नाही. एकदा एका मुलीच्या आईनं तो वाचला आणि तिथेच रडायला लागली. मुलीला साधं इसब होतं.

चरकानं अठरा प्रकार सांगितले, सात मोठे आणि अकरा छोटे. या अकरांची वर्णनं मला फार प्रिय आहेत, कारण ती डोळ्यांनी पाहून लिहिलेली आहेत. दद्रु म्हणजे खाजणारं, लाल, पुटकुळ्यांचं, कडेनं उचललेलं मंडल. गजकर्ण ज्यानं पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विचर्चिका म्हणजे खाजणाऱ्या, काळपट, भरपूर पाणी सुटणाऱ्या पुळ्या. विपादिका म्हणजे हातापायाला पडणाऱ्या भेगा आणि त्यांची तीव्र वेदना. आणि एककुष्ठ: घाम न येणारं, मोठी जागा व्यापणारं, माशाच्या खवल्यांसारखं. आजच्या सोरायसिसशी आम्ही वैद्य बहुतेक वेळा एककुष्ठ जोडतो, कधी त्याच अकरांतलं किटिभ जोडतो. दोन्हींचा मेळ तंतोतंत बसत नाही, पण जवळ जातो.

आमच्याकडे मासळी विकणाऱ्या एक काकी येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा कोपर पुढे करून म्हणाल्या, ‘बाई, खवलं पडतात हो माझ्या हाताची.’ संहिता त्यांनी कधी पाहिलेली नाही. जन्मभर मासे साफ केलेल्या बाईला आपल्या कोपरावर जे दिसलं ते त्यांनी सांगितलं, आणि ते श्लोकाशी अक्षरशः जुळलं. मी काचपट्टीच्या कडेनं चट्टा हलकेच खरवडला. रुपेरी पापुद्रे सुटत गेले, खाली गुलाबी ओलसर पडदा आला आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटले. सोरायसिस ओळखण्याची ही खूण त्वचारोगतज्ज्ञही वापरतात. काकींना विचारलं, ‘इथं घाम येतो का?’ म्हणाल्या, ‘बाकी अंगाला धारा लागतात, एवढीच जागा कोरडी.’

माझा पहिला प्रश्न नेहमी हाच: ओलं आहे की कोरडं? दुसरा, खाज जास्त की आग जास्त? ओलं, चिकट, खाजणारं असेल तर कफाकडे पाहायचं. लाल, आग होणारं, पिकणारं असेल तर पित्त आणि रक्त. कोरडं, काळपट, फुटणारं, दुखणारं असेल तर वात. बहुतेकांत दोन-दोन दोष मिसळलेले असतात, पण वरचढ कोण ते कळलं की दिशा मिळते. चरकाचं सूत्र अगदी थोडक्यात आहे: वात वरचढ असेल तर आधी तूप, कफ असेल तर वमन म्हणजे औषधानं उलटी करवणं, पित्त असेल तर रक्तमोक्षण म्हणजे दूषित रक्त काढणं, आणि विरेचन म्हणजे जुलाब देणं.

आता कडुनिंब घ्या. कडू, थंड, हलका, ओल शोषून घेणारा. वाहणाऱ्या, खाजणाऱ्या, घामानं चिघळलेल्या त्वचेला तो उत्तम. चरकानं खाज घालवणाऱ्या दहा द्रव्यांत त्याला चंदन, करंज, कुडा, मोहरी, दारुहळद यांच्याबरोबर बसवलंय. पण पौष-माघात ज्या आजीच्या नडग्या पांढऱ्या पडल्यात, कोरड्या होऊन तडकल्यात, तिला रोज कडुनिंबाच्या काढ्यानं आंघोळ घातली तर खाज वाढणारच. कडू रस वात वाढवतो, कोरडेपणा वाढवतो. तिला तिळाचं तेल हवं, पोटात थोडं तूप हवं, आणि साबण थांबवायला हवा. घरोघरी हेच उलटं होतं. खाज म्हटली की कडुनिंब, इतकं ते अंगवळणी पडलंय, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

कोरड्या, आग होणाऱ्या, तडकलेल्या त्वचेसाठी मी सर्वांत जास्त वापरते ते शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप. ते मी स्वतः करते. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, त्यात साधारण तेवढंच थंड पाणी ओतायचं आणि तळव्यानं किंवा तांब्याच्या बुडानं गोल गोल घासत राहायचं. सुरुवातीला तूप पिवळं, रवाळ, पाण्यापासून फटकून राहतं. हातातून निसटतं. घासलं की पाणी गढूळ होतं. ते काढून टाकायचं, नवीन ओतायचं. थोडी धुणी झाली की रवा मोडतो आणि तुपाचा वास मंदावतो. पुढे पुढे रंग उतरत जातो, तूप पाणी पोटात घेऊन फुलू लागतं, आणि शेवटी परातीत पांढराशुभ्र, मऊ, तळव्याला थंड लागणारा गोळा उरतो. तो त्वचेवर तुपासारखा ओघळत नाही, जिरतो. भाजल्यावर आग थांबल्यानंतर, टाचांच्या भेगांना, वात-पित्ताच्या कोरड्या इसबाला तो फार सुख देतो. मात्र परातीतून लगेच काचेच्या बरणीत काढायचा. तांब्या-पितळेत तूप ठेवलं की कळकतं; काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेलं तूप खाऊ नये असं ग्रंथांनीही बजावलंय. आणि यात पाणी असतं, म्हणून थोडंच करावं, थंड जागी ठेवावं, वास बदलला की टाकून द्यावं. वाहत्या जखमेवर मी ते देत नाही.

वनस्पतींत माझा सर्वांत जास्त विश्वास खैरावर आहे. चरकानं कुष्ठावरच्या द्रव्यांत खैराला श्रेष्ठ म्हटलंय. कोकणात कात पाडण्याचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यामुळे खैर इथल्या माणसाला ओळखीचा. त्याच्या गाभ्याच्या लाकडाच्या चिपा पाण्यात उकळल्या की लालसर, तुरट काढा होतो. तो प्यायला, धुवायला, आंघोळीला सगळीकडे चालतो. विड्यातला कात मात्र औषध म्हणून धरू नका, त्याबरोबर सुपारी-तंबाखू जाते. खैराच्या जोडीला मी मंजिष्ठा आणि उपळसरी वापरते. मंजिष्ठेची मुळं एरवी कापड लाल रंगवायला वापरतात. ती रक्तातलं पित्त निवळवणारी. उपळसरीचं मूळ मोडलं की घमघमाट सुटतो, आणि तो वास नसेल तर ते मूळ मी परत पाठवते.

आणि टाकळा. पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत तो उगवतो. कोवळ्या पाल्याची भाजी आपण कांदा-खोबरं घालून खातो. शरदात त्याला लांब, बारीक, विळ्यासारख्या वाकलेल्या शेंगा येतात. त्या वाळल्या की आतल्या कठीण बिया आंबट ताकात वाटून गजकर्णावर लावतात. चरकसंहितेच्या तिसऱ्याच अध्यायात बत्तीस लेप सांगितलेत, आणि त्यांत हा टाकळा आहे. संस्कृतात त्याला दद्रुघ्न म्हणतात, इतकी त्याची ही ख्याती जुनी. जुनाट नसलेल्या, लहान चट्ट्यावर मी आजही तो लेप देते. मात्र गजकर्ण मांड्यांवर, पाठीवर पसरलेलं असेल तर नुसत्या टाकळ्यावर मी विसंबत नाही.

पांढऱ्या डागांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण त्याइतकं माणसाला आतून पोखरणारं दुसरं कातडीचं दुखणं नाही. मुलीचं लग्न, नोकरी, शेजाऱ्यांच्या नजरा, सगळं त्या डागाशी जोडलं जातं. कोड संसर्गानं पसरत नाही, स्पर्शानं होत नाही, हे मी प्रत्येक घरात परत परत सांगते. सुश्रुतानं त्वचेचे सात थर सांगितले आणि प्रत्येकाची जाडी भाताच्या दाण्याच्या मापानं दिली. सर्वांत वरचा दाण्याच्या अठराव्या भागाइतका. शिबं त्या वरच्या थरात. कोड चौथ्या थरात, ज्याला तो ताम्रा म्हणतो. म्हणून पोरांच्या पाठीवरची शिबं लवकर जातात आणि कोड चिवट.

कोडाचा रुग्ण आला की मी भिंग घेऊन डागातली लव पाहते. चरक-सुश्रुतांनंतरचा ग्रंथकार वाग्भट, त्यानं म्हटलंय: ज्या डागातले केस पांढरे झालेले नाहीत, जो पातळ आहे, नवा आहे, एकमेकांत मिसळलेला नाही, भाजल्यामुळे झालेला नाही, तो बरा होणारा, आणि ओठ, तळवे, गुह्यभाग यांवरचा अवघड. आज त्वचारोगतज्ज्ञही जवळजवळ हेच सांगतात, कारण रंग तयार करणाऱ्या पेशींचा राखीव साठा केसाच्या मुळाशी असतो. केस काळा म्हणजे साठा शिल्लक. ओठ-तळव्यांना केसच नाहीत. भिंगाखाली पांढऱ्या डागात एक काळी लव दिसली तरी मला हुरूप येतो. रंग परततो तेव्हाही आधी त्या केसाच्या मुळाशी तपकिरी ठिपका उमटतो.

कोडावर आपल्याकडे बावची वापरतात. तिच्यात सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते उन्हाशी मिळून काम करतं. सोरालेन-वर्गातलं औषध आणि अतिनील किरण एकत्र वापरण्याची ‘पुवा’ उपचारपद्धती सोरायसिससाठी 1974 साली अमेरिकेत पुढे आली. तिच्यामागचं तत्त्व तेच. पण म्हणूनच बावची घरी लावायची नाही. तेल लावून दुपारच्या उन्हात बसलेल्यांच्या पायावर मी मोठाले फोड पाहिलेत. पोटात घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

बिब्ब्याचं तसंच. चरकाच्या कुष्ठनाशक दहांत तो आहे, खैर-हिरडा-आवळा-हळद यांच्या रांगेत. पण तो शुद्ध केल्याशिवाय नाही, आणि वैद्याच्या नजरेखालीच. आपल्याकडे सुईवर बिब्बा टोचून, दिव्यावर धरून, ते काळं तेल टाचेच्या भेगेत सोडण्याची पद्धत आहे. एखाद्याला बिब्बा उततो तो काय उततो! घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल, फोडांनी भरलेला पाय, डोळे सुजलेले, रात्र-रात्र झोप नाही. कृपा करून हा प्रयोग करू नका.

खाण्याबद्दल सगळे विचारतात. संहितेत कारणांची यादी मोठी आहे: विरुद्ध आहार, आधीचं पचलेलं नसताना परत जेवणं, फार खारट-आंबट, दही, मासे, उडीद, नवं धान्य, दुपारची झोप, उन्हातून तापून येऊन एकदम गार पाणी, उलटीचा वेग दाबणं. मासे आणि दूध एकत्र, हे विरुद्ध आहाराचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. त्यानं कोड होतं असं आजच्या विज्ञानानं सिद्ध केलेलं नाही, हे मी स्पष्ट सांगते. तरी माझ्या रुग्णांना मी ते टाळायला लावते. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘मग सोलकढीचं काय?’ सोलकढीत नारळाचं दूध असतं, गाई-म्हशीचं नाही. खुशाल प्या. खरा त्रास मला दिसतो तो रात्री उशिरा जेवून लगेच झोपण्यात, रोजच्या लोणच्या-पापडात आणि बेकरीच्या पदार्थांत. हे महिनाभर थांबवून पाहा म्हटलं की माणूस हिरमुसतो, पण इसबाचं पाणी आटतं तेव्हा आपणहून येऊन सांगतो.

पित्त उठणाऱ्यांना आमसुलाचं पाणी घरचंच आहे. आमसुलं भिजवून, कुस्करून, ते पाणी अंगाला लावलं की आग-खाज उतरते. माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात गार वाऱ्याच्या स्पर्शानं उठणाऱ्या, गांधीलमाशी चावल्यासारख्या गाठींचं जे वर्णन आहे ते हेच. हरिद्राखंड या हळदीच्या औषधाचा गुणही चांगला येतो. पण ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागला तर आमसूल भिजवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

शरदात मी जळवाही लावते. जुनाट, काळवंडलेलं, एकाच जागी बसून राहिलेलं इसब असेल तर. सुश्रुतानं जळवांचे बारा प्रकार सांगितले, सहा विषारी, सहा निर्विष. जळू हळद-मोहरीच्या पाण्यात ठेवायची, मग साध्या पाण्यात, मग लावायची. ती मान कमानीसारखी वाकवून धरते तेव्हा पीत असते. वर ओला कपडा ठेवायचा. चावल्या जागी टोचायला-खाजायला लागलं की दूषित रक्त संपून ती चांगलं रक्त ओढू लागली असं समजायचं आणि तोंडाशी मीठ टाकून सोडवायची. जागा नंतर बराच वेळ झिरपते, कारण तिच्या लाळेतल्या द्रव्यानं रक्त गोठत नाही. म्हणूनच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना, पंडुरोग्यांना, गरोदर बाईला मी जळू लावत नाही. आणि एका माणसाची जळू दुसऱ्याला कधीही नाही.

आता सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट. गजकर्णाचे निम्म्याहून अधिक रुग्ण माझ्याकडे येण्याआधी दुकानातून आणलेलं मलम लावून आलेले असतात. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड असं सगळं एकत्र. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, थांबवलं की दुप्पट उसळते. चट्ट्याची गोल कड पुसट होते, मग तो ओळखूही येत नाही. मांडीवर गर्भारपणात पडतात तशा रेघा पडतात, त्या जन्मभर राहतात. 2018 साली सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम केला, तरी ती सर्रास मिळतात. आणि याहून वाईट म्हणजे ‘शुद्ध आयुर्वेदिक’ लिहिलेल्या डबीतही कधी कधी स्टेरॉइड सापडतं. बिनलेबलची डबी, आठवड्यात गुण, घटक लिहिलेले नाहीत, तर ती लावू नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो. जाहिरातीत कोड बरं करण्याची हमी देणं 1954 च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

काही गोष्टी मी स्वतःकडे ठेवतच नाही. डागावर टाचणी टोचली तरी कळत नसेल, तर तो महारोग असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची गोळ्यांची पाकिटं फुकट मिळतात आणि लवकर घेतली तर हात-पाय वाचतात. सुश्रुताच्या काळी त्यावर पश्चिम समुद्राकाठच्या तुवरकाचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कडू कवठाचं, तेल वापरत, आणि विसाव्या शतकात डॅप्सोन हे औषध येईपर्यंत जगभरच्या डॉक्टरांनीही त्याच जातीच्या झाडांचं तेल वापरलं. मला त्याचा अभिमान आहे, पण आज रुग्णाला मी गोळ्यांकडेच पाठवते. नवीन औषध सुरू केल्यावर तोंडात-डोळ्यांत फोड, सगळं अंग लाल होऊन सालपटं निघणं, तापाबरोबर भराभर पसरणारी लाली, रंग-आकार बदलणारा तीळ, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे.

दिवाळीपर्यंत सकाळी दवाखाना उघडा आहे. येताना आधीच्या मलमांच्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, घेऊन या. चालू गोळ्यांची पाकिटं आणा. त्या दिवशी चट्ट्यावर तेल, हळद, पावडर काहीही लावून येऊ नका. मला तो जसा आहे तसा पाहायचाय.